टाचेची बाजू

सुतारांच्या काटकोन तपासायच्या पट्टीला गुण्या म्हणतात, आणि आमच्या किनाऱ्यावर माझ्या भाऊजींनाही गुण्याच म्हणतात. तोंडावर मास्तर, पाठीमागे गुण्या. लाटेवर उभं राहून घसरत येतात ते सर्फबोर्ड बनवायचं त्यांचं काम. तीस वर्षं झाली. मी त्यांचा मेहुणा, म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, आणि त्यातली बावीस वर्षं त्यांच्याच शेडमध्ये राबतोय. ते फोमच्या ठोकळ्याला रंधा मारून आकार देतात. मी त्यावर काचेचं कापड चढवतो, रेझिन ओततो आणि वाळलं की घासत बसतो. नाव त्यांचं होतं, खोकला मला होतो. तक्रार नाही, नुसतं सांगून ठेवतोय.

भाऊजींना जगात एकच गोष्ट पटते: दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत. पावाचे दोन तुकडे करायचे तरी सुरी हवेत धरून थांबतात, आणि तोवर चहा निवतो. माझ्या बहिणीने, म्हणजे ताईने, भिंतीवर फोटो लावला की ती वळायच्या आत हे पाण्याची पातळी बघायची नळी घेऊन हजर. त्यांच्या लग्नाच्या फोटोत नवरानवरीच्या एका बाजूला नऊ माणसं आहेत आणि दुसऱ्या बाजूलाही नऊ. दहावे होते ते आमचे काका. त्यांना खुद्द नवरदेवाने चौकटीबाहेर काढलं. काका अजून त्यांच्याशी बोलत नाहीत, आणि भाऊजींच्या अजून ते लक्षात आलेलं नाही.

बोर्ड तयार झाला की भाऊजी डोळे मिटतात, दोन तळवे दोन कडांवर ठेवतात आणि टोकापासून शेपटीपर्यंत एका चालीने नेतात. कुठे केसाएवढा उंचवटा असला तर हात अडतो. हे बघायला गिऱ्हाइकं मुद्दाम थांबतात. मीही पहिली दोन वर्षं तोंडात बोट घालून बघायचो. मग कळलं की हात फिरवून झाल्यावर खाली जी धूळ पडते ती झाडायची असते, आणि ती मीच झाडायची असते.

त्यांचे आखणीचे साचे प्लायवूडचे, आणि सगळे अर्धे, म्हणजे बोर्डाच्या एकाच बाजूचे. फोमच्या ठोकळ्यात मधोमध लाकडाची बारीक पट्टी असते. साचा तिला टेकवून एक बाजू आखायची, मग साचा उलटा करून दुसरी. दोन्ही बाजू सारख्या येणार नाहीत तर काय होईल! आखताना ठोकळा पालथा असतो, पोट वर आणि उभं राहायची बाजू खाली. तीस वर्षं हे असंच चाललं आणि कधी काही बिघडलं नाही, कारण दोन्ही बाजू सारख्या असल्या की बोर्ड पालथा आहे का उताणा आहे याने कुणाचं काही अडत नाही.

मग कुठून तरी वाकड्या बोर्डांचं खूळ आलं. एक कड लांब आणि सरळसोट, दुसरी आखूड आणि जास्त वळणाची, शेपटी एका अंगाला कापलेली. पहिलं गिऱ्हाईक तसा फोटो फोनवर घेऊन आलं तेव्हा भाऊजींनी तो नीट निरखला.

"कशावर आपटला?" त्यांनी विचारलं.

"आपटला नाही मास्तर. असाच बनवलाय."

"मुद्दाम?"

"हो."

"मग बनवणाऱ्याला सांगा, पुढच्या वेळी जागा असताना बनव."

पण असे फोटो येतच राहिले. महिन्याभरात पाचजणांनी विचारलं, आणि पाचव्याने तर, मास्तरांना जमणार नसेल तर राहू दे, असं म्हटलं. ते मात्र भाऊजींना झोंबलं. ते न्यायी माणूस आहेत. उगीच नाही म्हणणार नाही, कारणं देऊन नाही म्हणेन, असं म्हणून त्यांनी शेडच्या भिंतीवर प्लायवूडचा एक मोठा तुकडा ठोकला, मधोमध रेघ मारली, आणि एका बाजूला 'फायदे' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'तोटे'.

तोटे एका बैठकीत झाले. असा बोर्ड एकाच माणसाचा, तोही एकाच पायाचा. डावा पाय पुढे टाकून उभं राहणाऱ्याचा बोर्ड उजवा पाय पुढे टाकणाऱ्याच्या उपयोगाचा नाही, म्हणजे भावाचा भावाला देता येत नाही, आणि कंटाळा आला म्हणून विकायचा तर आधी घेणाऱ्याचे पाय तपासायला लागणार. साचे दोन लागतात, वेळ दुप्पट लागतो. पाण्यात दिशा धरणारे खालचे कल्ले, म्हणजे फिन, कुठे बसवायचे यावर दोन कारागिरांचं एकमत होत नाही. पाण्यात काही खटकलं तर दोष बोर्डाचा का माणसाचा, हे कळायला मार्ग नाही. डोळे मिटून हात फिरवून तो तपासता येत नाही. खरं दुखणं हे होतं, पण भाऊजींनी ते सहाव्या नंबरवर दडवलं. सातवा तोटा होता, 'कारागिराची चूक झाकायला उत्तम.' तो लिहून झाल्यावर त्यांनी वळून माझ्याकडे का बघितलं ते मला अजून समजलेलं नाही.

सात तोटे झाले आणि फायद्यांची बाजू कोरी राहिली. दुसरा कुणी तिथेच हात झटकून मोकळा झाला असता. भाऊजींना तो फळा बघवेना. एक बाजू भरलेली आणि एक रिकामी, म्हणजे त्यांच्या लेखी अर्धवट काम. दोन दिवस जेवणावरून लक्ष उडालं. तिसऱ्या दिवशी ताईने मला विचारलं, "शेडमध्ये काय झालंय रे?" मी म्हटलं, "फायदे सापडत नाहीयेत." ती म्हणाली, "लग्नानंतर मलाही वेळ लागला होता."

झालं असं, की वाकड्या बोर्डाची बाजू घ्यायला भाऊजींना त्यांच्या सरळपणानेच भाग पाडलं. सात तोटे आहेत ना, मग सात फायदे पाहिजेत. एका दुपारी रंधा बंद करून ते शेडच्या मधोमध उभे राहिले.

"माणूस बोर्डावर आडवा उभा राहतो. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

"एका कडेकडे पायाची बोटं, दुसऱ्या कडेकडे टाचा. आता बघ, मी बोटांच्या बाजूला कलतो." ते चवड्यांवर उभे राहिले. घोटा, गुडघा, कंबर, सगळं जागच्या जागी थोडंथोडं हलून त्यांना सांभाळत होतं. "आता टाचांच्या बाजूला." हात हवेत दोनदा गोल फिरले आणि भाऊजी फोमच्या भुश्शाच्या पोत्यात जाऊन बसले. तिथूनच म्हणाले, "लिही."

मी लिहिलं, 'बोटांकडे माणूस हुशार, टाचांकडे ठोंब्या.' त्यांनी ते पुसून सभ्य भाषेत लिहिलं, पण मुद्दा तोच. टाचेच्या बाजूला वळताना शरीर फारशी मदत करत नाही, तर त्या बाजूची कड आखूड आणि गोल ठेवावी, म्हणजे बोर्ड थोडक्यात वळतो. बोटांच्या बाजूला माणसाचा ताबा जास्त, तर ती कड लांब आणि सरळ ठेवावी, म्हणजे वेग टिकतो. पुढे पुढे त्यांना त्यात रस वाटायला लागला. फायदे तीन झाले, चार झाले, पंधरा दिवसांत सहा झाले. बोलताना 'वाकडा बोर्ड' जाऊन 'असा बोर्ड' आला. सातवा मात्र काही केल्या सुचेना, आणि तो सुचला तो माझ्या भाचीमुळे.

भाची त्यांची एकुलती एक. वय चोवीस, चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवते. आठव्या वर्षापासून समुद्रात. पहाटे पाण्यात जायचं, केस ओले असतानाच दुकान गाठायचं, असा तिचा शिरस्ता. पंधरा-सोळा वर्षांत समुद्राने तिला खरचटण्यापलीकडे काही केलं नाही. पडली ती घरात, स्टुलावरून, पडदे लावताना. उजव्या घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आत पट्टी आणि सहा स्क्रू बसले. ऑपरेशननंतर डॉक्टर बाहेर आले तेव्हा ताई रडत होती आणि भाऊजी विचारत होते, "स्क्रू किती मापाचे?" डॉक्टरांना वाटलं, माणसाला धक्का बसलाय. ते खरंच होतं, फक्त भाऊजींना धक्का बसला की ते मापं विचारतात. एक्स-रेची फिल्म त्यांनी शेडच्या खिडकीच्या काचेला चिकटवली, आणि काम करता करता ते तिच्याकडे बघत राहायचे.

हाड जुळलं. पोरगी दुकानात जायला लागली, पण समुद्राचं नाव काढेना. विचारलं की म्हणायची, "जाईन ना, घाई काय आहे." असं वर्ष गेलं. भाऊजींच्या मनात रात्रंदिवस एवढंच होतं, पोरगी परत पाण्यात गेली पाहिजे. पण ते बोलून दाखवणं त्यांच्या रक्तात नाही. एका संध्याकाळी ती गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली येत होती. एकेक पायरी, आधी उजवा पाय, मग त्याच पायरीवर डावा. भाऊजी शेडच्या दारातून बघत होते. मग आत आले आणि फळ्यावर सातवा फायदा लिहिला: 'एकच पाय दुखरा असेल तर.' अक्षर वाकडं आलं. त्यांनी ते पुसून सरळ केलं नाही, तेव्हा मला काय ते कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दोन वेगळे साचे कापले, एक टाचेचा, एक बोटांचा. पोरीला पत्ता लागू द्यायचा नव्हता. ती डावा पाय पुढे टाकते, म्हणजे शेपटीवर येतो तो दुखरा उजवा. त्याला टाचेवर दाबायला कमीत कमी कष्ट पडावेत असा सगळा बेत. भाऊजी एक्स-रेसमोर उभे राहून घोट्याचा कोन मोजत होते, कागदावर आकडे मांडत होते. मी म्हटलं, "तिला एकदा विचारा ना, कुठे लागतं, कितपत वाकतो."

"तू घासायचं बघ," ते म्हणाले. "डोकं मी लावतो."

बावीस वर्षं! ते मी मनात धरून ठेवलं.

आणि त्याच आठवड्यात ते झालं. डावा पाय पुढे टाकून उभं राहिलं की टाचा बोर्डाच्या डाव्या कडेकडे येतात, हे शेंबडं पोर सांगेल. भाऊजींनी स्वतः जमिनीवर तसं उभं राहून बघितलं, 'टाच डावीकडे' असं पुटपुटले, आणि टाचेचा साचा ठोकळ्याच्या डाव्या बाजूला लावून आखला. ठोकळा पालथा होता. नेहमीसारखाच. त्यांना बोर्ड पालथा आखायची तीस वर्षांची सवय, आणि त्या तीस वर्षांत डावं-उजवं बघायची वेळ एकदाही आली नव्हती. कुणा नवख्याने आधी दहादा खात्री करून घेतली असती. ही चूक करायला मास्तरच लागतो.

मला ती कापड चढवताना दिसली. बोर्ड सरळ करून ठेवला आणि आखूड गोल कड उजवीकडे आली. मी दार लावून जमिनीवर डावा पाय पुढे टाकून उभा राहिलो, खाली बघितलं, बोर्डाकडे बघितलं, परत खाली बघितलं. बोर्ड उलट्या पायाचा होता. त्याच वेळी मी आत जाऊन सांगायला पाहिजे होतं. फोम होता, नवा ठोकळा घेता आला असता. पण माझ्या डोक्यात 'तू घासायचं बघ' घुमत होतं. बरं, म्हटलं, घासतो. पोरगी पाण्यात जाईल, परत येऊन सांगेल, मग बघू मास्तरांचं डोकं. मी तो बोर्ड इतका सुंदर घासला की तसा आयुष्यात कुठला घासला नसेल. आज हे लिहिताना मला माझी लाज वाटते.

बोर्ड तिच्या खोलीच्या दाराला टेकवून भाऊजी म्हणाले, "बघ, जमला तर." ती बराच वेळ बोर्डावरून हात फिरवत राहिली, मग बापाच्या गळ्यात पडली. रविवारी पहाटे बोर्ड घेऊन गेली आणि ओल्या केसांनी परत आली. मी नाश्त्याला मुद्दाम तिथेच ठाण मांडून बसलो होतो.

"कसा आहे?" भाऊजींनी विचारलं.

"मस्त आहे बाबा! टाचेवर थोडक्यात वळतो. आणि बोटांच्या बाजूला वेग टिकतो अगदी."

भाऊजींचा चेहरा असा फुलला की मला तिथे बसवेना. मी शेडमध्ये गेलो, परत जमिनीवर पाय टाकून उभा राहिलो. माझंच चुकलं असेल, म्हटलं. बावीस वर्षं घासून घासून आपल्याला डावं-उजवंही कळेनासं झालंय. पुढे दर रविवारी तेच. ती जायची, ओल्या केसांनी यायची, कौतुक करायची. ती काय बोलते याकडे मी नीट लक्ष दिलं असतं तर पहिल्याच दिवशी उमगलं असतं. तिचं कौतुक म्हणजे फळ्यावरची फायद्यांची बाजू होती, वरून खाली, क्रमाने.

भाऊजींना आता धीर आला. दातांचे डॉक्टर हे आमचं जुनं गिऱ्हाईक, तेही डावा पाय पुढेवाले. त्यांना भाऊजींनी स्वतः आग्रह करून तसाच बोर्ड बनवून दिला, त्याच साच्यांचा, तसाच पालथा आखून. डॉक्टर तीन रविवारांनंतर तो डोक्यावर घेऊन परत आले.

"मास्तर, राग मानू नका. टाचेवर वळायला गेलो की हा ऐकतच नाही, आणि बोटांवर नुसता श्वास सोडला की गर्रकन फिरतो. गेल्या रविवारी चार वेळा तोंडावर पडलो."

"सवय व्हायला वेळ लागतो," भाऊजी म्हणाले.

"उलट्या पायाचा तर नाही ना झाला?"

"शक्य नाही. याच साच्याचा माझ्या मुलीचा आहे. ती खूश आहे."

डॉक्टर भले गृहस्थ. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात बघून बघून त्यांना हळू बोलायची सवय आहे. त्यांनी बोर्ड शेडबाहेरच्या गवतावर सरळ ठेवला, बूट काढून डावा पाय पुढे टाकून त्यावर उभे राहिले, आणि आपल्या टाचांकडे बोट दाखवलं. टाचांच्या बाजूला लांब सरळ कड होती. भाऊजींनी बघितलं. खाली बसले. बोर्ड पालथा केला, परत उताणा केला, परत पालथा केला. डॉक्टरांना आम्ही नवा देतो म्हणून वाटेला लावलं, आणि मी शेडचं दार लोटून घेतलं.

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"पोरीच्या बोर्डाला कापड चढवलं तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, तू घासायचं बघ."

मला वाटलं, आता ओरडतील. बरं झालं असतं. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "माझ्यावर राग होता तर माझ्यावर काढायचास. बोर्ड तिचा होता."

मग ते थांबले. मापाचा माणूस, एक आकडा चुकला की पुढचे सगळे तपासणार. "पण तिचाही उलटाच आहे," ते सावकाश म्हणाले. "मग ती खूश कशी?"

तिचा बोर्ड घराच्या मागच्या भिंतीला उभा होता. आम्ही तो शेडमध्ये आणून टेबलावर ठेवला. पाय घसरू नये म्हणून बोर्डावर मेण घासतात. दोन दिवस वापरलं की ते दबतं, काळं पडतं, त्यात वाळू रुतते. तिच्या बोर्डावरचं मेण पांढरंशुभ्र होतं, बारीक गोल दाण्यांचं, घासलं तेव्हा होतं तसंच. पायाचा एकही ठसा नव्हता. तीन महिने! भाऊजींनी त्यावर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला.

"किनाऱ्यावर नळ आहे," मी म्हटलं. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून बोललो. "केस तिथे ओले करत असेल."

संध्याकाळी ती दुकानातून आली. घराचं दार शेडमधूनच आहे. टेबलावर आपला बोर्ड बघून थबकली.

"हा उलटा झालाय," भाऊजी म्हणाले. "चूक माझी आहे. पालथा आखला. तुझ्या पायाला तो कधीच चालला नसता."

तिने माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं.

"तू म्हणालीस, मस्त वळतो."

"बाबा, मी गेलेच नाही." आणि तिला रडू फुटलं. "दर रविवारी जायचे. कठड्यावर बसायचे तासभर. तुम्ही एवढं केलंत, तुम्हाला कसं सांगू? मग ते फळ्यावरचं सांगायचे."

"समुद्राची भीती वाटते?"

"समुद्राची नाही हो! उभं राहायची. मी उभी राहणार, घोटा लटपटणार, आणि सगळे बघणार की ही ती, हिला आधी किती छान यायचं."

मला वाटलं, आता भाऊजी आकडे काढतील. त्यांनी स्टूल ओढलं, तिला बसवलं, स्वतः जमिनीवर बसले आणि म्हणाले, "पाय दाखव."

तिने मोजा काढला. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला बोटभर लांब व्रण होता, थोडा जांभळा. भाऊजींनी पाय हातात घेतला, खिडकीतल्या एक्स-रेकडे वर बघितलं, परत खाली बघितलं. वर्षभरात त्यांनी त्या फिल्मवर सगळं मोजलं होतं, स्क्रूचे आटेसुद्धा. हा पाय त्याच घरात, त्यांच्याच ताटासमोर रोज दोन वेळा बसत होता.

"कुठे दुखतं?"

"इथे नाही. वर. इथे."

"इथे?"

"जरा मागे. हं."

"मला वाटत होतं खाली दुखतं," भाऊजी म्हणाले. "मी सगळं खालच्या हिशोबाने केलं." मी काहीतरी आणायच्या निमित्ताने घरात गेलो. ताई दारामागे उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. आम्ही दोघं बहीणभाऊ तिथेच उभे राहून रडलो.

परत आलो तर भाऊजी उठून नवा ठोकळा काढत होते. "आठ दिवस दे मला," ते पोरीला सांगत होते. "सुलटा करून देतो. घोटा आता नीट बघितलाय."

"उद्या रविवार आहे," ती म्हणाली.

"मग?"

"उद्या जाते. हाच घेऊन."

"अगं, हा उलटा आहे!"

"झोपून जाते, बाबा. पोटावर. झोपल्यावर कुठला पाय पुढे?"

भाऊजींनी वळून फळ्याकडे बघितलं. चौदा मुद्द्यांपैकी एकातही ही शक्यता धरलेली नव्हती. थोड्या वेळाने म्हणाले, "झोपलीस तरी एका बाजूला ओढेल तो."

"ओढू दे."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघंही गेलो. ताईने टॉवेल आणले, मी नको असताना पाण्याच्या बाटल्या घेतल्या. किनाऱ्यालगत फेसाच्या पट्ट्यात शिकाऊ पोरं पोटावर झोपून लाटा पकडत होती, सात-आठ वर्षांची. भाची कमरेएवढ्या पाण्यात त्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. बाजूच्या एका पोरीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सरकून जागा दिली. फेसाची लाट आली तशी ती बोर्डावर पालथी पडली आणि हनुवटी वर करून सरळ वाळूपर्यंत घसरत आली. उठली, घोटा सांभाळत वळली आणि परत आत गेली. दुसऱ्या खेपेला ती हसत होती. तिसऱ्या खेपेला तर ओरडतच आली, अगदी आठ वर्षांची असताना ओरडायची तशी.

भाऊजींना राहवेना. पॅंटसकट गुडघाभर पाण्यात शिरले आणि तिच्या वाटेतच उभे राहिले.

"ओढतोय का?" ते ओरडले.

"काय?"

"बोर्ड! एका बाजूला ओढतोय का?"

"कळत नाही, बाबा!" तिने तोंडावरचे केस मागे टाकले. "सरका तिथून, मी परत जातेय!"

तीस वर्षांत त्यांच्या बोर्डाबद्दल याहून वाईट कुणी काही बोललं नव्हतं. भाऊजी सरकले.